काचेतला जावई

साखराबाई रोज सकाळी साडेआठला मेडिकल कॉलेजच्या स्किल लॅबचं दार उघडायची आणि काचेच्या कपाटापुढं उभी राहून आधी आतल्याला चार शब्द सुनवायची. "लोळ बाबा, लोळ. तुला काय, ना उन्हाची झळ, ना पान्याची पाळी!" मग कोरड्याच फडक्यानं काच पुसायची. त्या उन्हाळ्यात टँकर तीन दिवसांआड यायचा आणि फडकं ओलं करण्याइतकं पाणी लॅबच्या वाट्याला येत नव्हतं.

आतला म्हणजे डमी. कमरेपर्यंतचा रबरी माणूस. तोंड अर्धवट उघडं, मान जराशी मागं, अंगावरचं प्लास्टिक अजून जसंच्या तसं. कपाटाला लाल फीत बांधलेली, फितीखाली कुलूप, आणि कुलपाची किल्ली ऑफिसचे बडे बाबू विठ्ठलराव यांच्या कमरेला. साखराबाईनं त्याचं नाव जावई ठेवलं होतं. हात लावायचा नाही, काम सांगायचं नाही, नुसतं बघून धन्य व्हायचं.

हा डमी कशाला असतो ते आधी समजून घ्या, म्हणजे बाईचा राग कळेल. माणसाचा श्वास बंद पडला की डॉक्टरनं त्याचं तोंड उघडायचं, वाकड्या पात्यानं जीभ बाजूला सारायची आणि श्वासनळीत नळी घालून अंबू दाबायचा. अंबू म्हणजे हवा भरायचा हातातला फुगा. नळी बरोबर जागी बसली तर छाती वर येते. चुकून शेजारच्या अन्ननळीत गेली तर छाती गप्प राहते आणि पोट फुगतं. दोन्ही भोकं जवळजवळ असतात, हात थरथरत असतो, समोरचा निळा पडत असतो. पहिल्याच वेळी कुणाला जमत नाही. म्हणून हा रबरी माणूस. याच्यावर शंभर वेळा चुका, हा मरत नाही. उलट दातांवर जोर पडला की कट्ट असा आवाज करून सांगतो, बाबा चुकलास.

आणि जो मरत नाही त्यालाच हात लावायची बंदी! आता याला काय म्हणावं?

कारण सांगितलं तर हसाल. त्याचं उद्घाटन व्हायचं होतं.

मांजरसुंब्याहून आत माळावर हे मेडिकल कॉलेज होतं. सहकारी साखर कारखान्याच्या संस्थेनं काढलेलं. कारखान्याचे चेअरमन तेच संस्थेचे अध्यक्ष, आणि सगळा मुलूख त्यांना नुसतं साहेब म्हणायचा. आपल्याकडं सहकारात एक रीत आहे. फीत कापल्याशिवाय वस्तू वस्तू होत नाही. बोअरला पाणी लागलं तरी साहेब येऊन बटण दाबेपर्यंत बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहतात. डमी आला माघात. साहेबांनी फोनवर सांगितलं, "येतो, बघू." तेवढ्यात दुष्काळ पडला म्हणून साहेबांनी चारा छावण्या काढल्या, दिवसभर जनावरांत. छावण्या मार्गी लागल्या तर निवडणूक लागली आणि आचारसंहिता आली, म्हणजे उद्घाटनं बंद. निवडणूक झाली तर निकालाची वाट. निकाल लागला तर सत्कार. जून निम्मा संपला तरी जावई काचेतच होता.

जुना डमी होता एक, त्याला साखराबाई म्हातारा म्हणायची. पोरांनी त्याला चार वर्षं इतकं वापरलं की पुढचे दात पडले, फुप्फुसाच्या पिशव्या पत्र्याखालच्या उन्हानं चिरल्या. साखराबाईनं मांजरसुंब्याच्या पंक्चरवाल्याकडून सोल्युशन आणि रबराचे तुकडे आणून त्याला सात ठिकाणी ठिगळं लावली होती. शेवटी म्हातारा मानेतच तुटला. त्याचं तिला वाईट वाटलं, पण राग आला नाही. कामात गेला बिचारा.

डमी नाही तर नाही, पोरांनी ऑपरेशन थिएटरमध्ये शिकावं, असं कोणी म्हणेल. तिथंही दुष्काळच. हात धुवायला, कपडे उकळायला पाणी नाही म्हणून ठरवून करायची सगळी ऑपरेशनं बंद होती. फक्त अडलेली बाळंतीण किंवा अपघात आला तरच थिएटर उघडायचं, आणि तेव्हा कोण कुणाला शिकवतो? भुलीचे डॉक्टर राधाकिशन सर एकटेच. ते धावत जायचे, नळी घालायचे, घाम पुसायचे. पोरं दाराच्या गोल काचेतून बघायची. बघून पोहता येतं होय?

वर्षाची इंटर्नशिप करणारी शंभर पोरं-पोरी त्या जूनअखेर डॉक्टर होऊन बाहेर पडणार होती. शंभरातल्या एकीवर साखराबाईचा जीव होता. रुक्मिणी तिचं नाव. तलवाड्याकडची, ऊसतोड्यांच्या घरातली. आईबाप आजही दिवाळीनंतर बैलगाडीत संसार भरून कारखान्याला जात. पोरगी वस्तीशाळेत शिकली, आश्रमशाळेत शिकली आणि डॉक्टर झाली. तिला नेमणूकही मिळाली होती, एक जुलैला हजर व्हायचं, गोदाकाठच्या एका आरोग्य केंद्रात. तिथं ती एकटीच डॉक्टर. आणि तिनं उभ्या जन्मात कुणाच्या घशात एकदाही नळी घातलेली नव्हती.

"मावशी, मला झोप येत नाही," एक दिवस लॅबच्या बाकावर बसून रुक्मिणी म्हणाली. "पाऊस पडला की तिथं सर्पदंश सुरू होतील. एखादा मण्यारीचा आला, श्वास बंद पडायला लागला, तर मी काय करू? पुस्तक वाचून दाखवू?"

मण्यारीचं नाव ऐकलं आणि साखराबाईच्या हातातलं फडकं थांबलं. तशीच उठली आणि ऑफिसात गेली.

"विठ्ठलराव, किल्ली द्या."

विठ्ठलरावांनी चष्म्यावरून बघितलं. "कसली किल्ली?"

"जावयाची. डमीची. पोरं चालली आता. दोन दिस त्यांना हात मारू द्या. परत पुसून, फीत बांधून ठिवते. कुनाला कळनार बी न्हाई."

"साखराबाई, तुमाला किती डाव सांगायचं? साहेबांच्या हस्ते व्हायचंय. त्याच्याआधी एखाद्यानं दात मोडला तर जिम्मेदारी कुणाची? माझी."

"आन् पोरांनी खऱ्या मानसाचे दात मोडले तर?"

"ते त्यांचं डॉक्टरकीचं. आपुन ऑफिसचं बघायचं."

"काचेत ठिवलेल्याचा काय उपेग, सांगा ना? लोनचं घालावा का त्याचं?"

ऑफिसातले दोघे कारकून फिस्सकन हसले. विठ्ठलरावांनी फाइल उघडली. ते फाइल उघडायचे तेव्हा बोलणं संपलेलं असायचं, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. माणूस वाईट नव्हता हो. कुणाच्या घरी दुःख झालं तर पहिला जाऊन बसणारा. पण साहेबांचं नाव निघालं की त्याची गाळण उडायची, त्याला इलाज नाही.

साखराबाई अशी एकदा नाही, त्या महिन्यात नऊ वेळा गेली. कधी विनवणी, कधी भांडण, एकदा तर घरच्या मेथकुटाची पुडी घेऊन. मेथकूट विठ्ठलरावांनी ठेवून घेतलं आणि किल्ली कमरेलाच ठेवली. राधाकिशन सरांनीही अर्ज दिला. त्यावर शेरा आला, "उद्घाटनानंतर विचार करावा." सरांनी तो कागद साखराबाईला वाचून दाखवला, चार घड्या करून खिशात घातला आणि म्हणाले, "साखराबाई, मी बावीस वर्षं लोकांना झोपवतोय. या ऑफिसला कोणी झोपवलंय ते काही कळलं नाही."

आता मण्यारीचं सांगितलं पाहिजे. टाळून चालणार नाही.

सोळा वर्षांमागं साखराबाई आणि तिचा नवरा सुग्रीव उसाला गेलेले होते, पार कृष्णाकाठी. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, तो तोडायचा, ही मोळ्या बांधायची. पाचटाच्या कोपीत भुईवर झोपायचे. एक दिवस फटफटायला सुग्रीव उठून म्हणाला, "साखरे, कानाशी कायतरी चावल्यावानी झालं." जखम नाही, सूज नाही. चहा ठेवेपर्यंत त्याच्या पापण्या मिटायला लागल्या. बोलणं जड झालं. टोळीतल्या गड्यांनी ट्रॅक्टरवर घालून जवळच्या दवाखान्यात नेला. तिथं एकच डॉक्टर, मिसरूड फुटलेला पोरगा. त्यानं इंजेक्शन लावलं, आणि तेवढ्यात सुग्रीवचा श्वास थांबला. पोरानं तोंड उघडून नळी घातली. अंबू दाबला. साखराबाई पायथ्याशी उभी होती. तिनं आपल्या डोळ्यांनी बघितलं, दर दाबाला सुग्रीवचं पोट वर येत होतं. तिला वाटलं, आला, जीव आला. तिनं हातसुद्धा जोडले. पोट फुगत गेलं, फुगत गेलं, आणि माणूस निळा पडून गेला.

विष लई कडक होतं, देवाची मर्जी, असं सगळे म्हणाले. तिनंही तेच धरून ठेवलं. पुढं कोयता मोडला म्हणून तिला कारखान्याला कोण नेणार? ती गावाकडं येऊन या कॉलेजच्या दवाखान्यात झाडायला लागली, मग थिएटरात आया झाली, पुढं लॅबही तिच्याकडंच आली. थिएटरात सहा वर्षांनी एक दिवस काय झालं, एका शिकाऊ डॉक्टरनं नळी घातली आणि राधाकिशन सरांनी नुसतं बघितलं. "पोट फुगतंय. काढ." पोरानं काढली, मास्क लावून हवा दिली, पुन्हा घातली. छाती वर आली. अर्ध्या मिनिटाचा खेळ. तो पेशंट चौथ्या दिवशी चालत घरी गेला. साखराबाई बाहेर जाऊन धुण्याच्या ढिगावर बसली ती दुपारपर्यंत उठली नाही. विषानं न्हाई गेला माझा मानूस, तिला कळलं. इंजेक्शनचा असर होईस्तोवर नुसती हवा पोचायला पाहिजे होती. ती त्याच्या पोटात भरली, आणि मी येडी हात जोडून उभी होते.

त्या कोवळ्या डॉक्टरवर तिचा राग नव्हता. सुरुवातीला होता, मग गेला. त्या पोराचे डोळे तिला आठवायचे. तो रडत होता, अंबू दाबता दाबता. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तिचा सगळा राग न शिकवणाऱ्यांवर होता, आणि सोळा वर्षांनी तो राग येऊन थांबला होता एका काचेच्या कपाटाशी.

किल्ली मिळत नाही म्हटल्यावर तिनं आपल्या परीनं तोड काढली. जेवणाच्या सुट्टीत ती लॅबच्या टेबलावर स्वतःच उताणी झोपायची. पदर नीट खोचून, डोळे मिटून. "या गं पोरींनो, या रे. नळी न्हाई तर न्हाई, निदान हनवटी धरायला तरी शिका." हनुवटी नीट उचलून मास्क घट्ट धरता आला तरी अर्धा माणूस वाचतो, असं सर म्हणायचे, ते तिनं ध्यानात ठेवलं होतं. पोरं बिचकत हात लावायची. ती डोळे मिटूनच बोलायची. "गळा कावून दाबायलास? हाडाला धर, हाडाला." "आगं, मास्क हाय का पोळपाट? इथून हवा गळायली." एकदा एकानं इतकी मान मागं टाकली की ती उठून त्याच्या पाठीत धपाटा घालूनच परत झोपली.

वीस-पंचवीस जण यायचे. बाकीच्यांना लाज वाटायची. एक चष्मेवाला पोरगा दारातूनच हसायचा. "मावशी, यूट्यूबला सगळं आहे हो. दोनदा व्हिडिओ बघितला की झालं."

"व्हिडिओतला मानूस निळा पडतो का रे?" साखराबाई टेबलावरूनच विचारायची. तो हसत निघून जायचा.

रुक्मिणी रोज यायची. हनुवटी धरण्यात तिचा हात बसला. पण नळीचं काय? ते साखराबाईच्या घशात थोडंच घालून बघता येणार होतं? तशी ती म्हणाली होती हो सरांना, "मला भूल द्या आन् पोरीला शिकवा," असं. सर तिच्यावर इतके ओरडले की पुन्हा तिनं विषय काढला नाही.

आणि मग, घ्या, उद्घाटनाची तारीख आली. कोणती? तीस जून! इंटर्नशिपचा शेवटचा दिवस. पोरांचं सामान बांधलेलं, रुक्मिणीची गाडी दुपारी अडीचची. साहेब येणार अकराला.

साहेब आले दीडला. आभाळ नुसतं भरून यायचं आणि वारं सुटून रिकामं व्हायचं, असे दिवस चाललेले. लॅबमध्ये शंभर पांढरे कोट घामानं चिकटून उभे. विठ्ठलरावांची पळापळ बघण्यासारखी होती. साहेबांसमोर खोळंबा नको म्हणून त्यांनी सकाळीच कपाट उघडून, डमी टेबलावर मांडून प्लास्टिक काढून घेतलं होतं, फीत टेबलापुढं बांधली होती, आणि डमीच्या घशात नळी घालून ठेवायला सांगितली होती. फीत कापली की साहेबांनी नुसता अंबू दाबायचा, एवढंच. राधाकिशन सर कुठं आहेत? तर थिएटरात, बाळंतीण अडलेली. मग नळी घातली कोणी? त्या चष्मेवाल्यानं. मोबाइल शेजारी उभा करून, व्हिडिओ बघत.

साखराबाईच्या हातात हळदीकुंकवाचं तबक दिलेलं होतं. नारळ फुटला, फीत कापली, डमीच्या कपाळाला साहेबांनी कुंकू लावलं. फोटो निघाले. मग विठ्ठलरावांनी अदबीनं अंबू पुढं केला. साहेबांनी दाबला.

डमीचं पोट वर आलं.

"घेतला! श्वास घेतला साहेब!" विठ्ठलराव ओरडले आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. साहेब खूष होऊन दाबत राहिले. पोट टम्म, छाती दगडासारखी गप्प. साखराबाई पायथ्याशीच उभी होती. तिच्या डोळ्यांपुढं लॅब राहिली नाही. तिनं तबक खाली ठेवलं नाही, ते तिच्या हातातून गेलं. भांडं फरशीवर आपटलं तशा टाळ्या थांबल्या.

"मेला त्यो, साहेब," ती म्हणाली. "मेला. टाळ्या कावून वाजवायलेत सगळे?"

"साखराबाई!" विठ्ठलरावांचा चेहरा पांढरा पडला.

"थांबा हो तुमी! पोट फुगायलंय, दिसंना का? हवा पोटात चालली. छाती बगा की, छाती! मपला मानूस आसाच गेला, आन् मी बी तवा तुमच्यावानीच खूष झालते."

साहेबांनी अंबू सोडला. माणूस जुना, पाण्यापावसात हिंडलेला, बाईचा चेहरा बघून त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. त्यांनी मागं वळून शांतपणे विचारलं, "मग बरोबर कसं करायचं? या, कोणीतरी दाखवा मला."

शंभर पांढरे कोट. पांढऱ्या कोटातले शंभर डॉक्टर. एक पाय पुढं येईना. चष्मेवाला पोरगा खाली फरशीवर सांडलेल्या कुंकवाकडं बघत होता. रुक्मिणीनं ओठ दाताखाली धरला होता.

"कुणालाच येत नाही?" साहेब म्हणाले.

"यील कसं?" साखराबाई म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "पाच म्हैने झाले, काचेत हाय त्यो. तुमची वाट बगायलाय."

साहेबांनी विठ्ठलरावांकडं बघितलं. काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांच्या माणसानं फोन आणून हातात दिला. छावणीत जनावरं मोजायला अधिकारी आले होते, ताबडतोब निघायला हवं होतं. साहेब फोनवर बोलत बोलत दाराकडं वळले, जाताना म्हणाले, "विठ्ठलराव, बघा जरा हे." झालं! त्यांच्यामागं अख्खी लॅब बाहेर पडली, कारण व्हरांड्यात पेढे आणि चहा होता. बाईच्या बोलण्याचं इतकंच झालं, बघा जरा हे. आजवर सहकारात ज्या ज्या गोष्टीला बघा जरा म्हणाले, ती कुणी बघितली आहे का?

पण कपाट उघडं होतं.

साखराबाईनं रुक्मिणीचा दंड धरला. "सायबाची गाडी हलेस्तोवर विठ्ठलराव येत न्हाईत. ये."

"मावशी, मला..."

"ये म्हन्ते ना!"

तिनं चुकीची नळी ओढून काढली. रुक्मिणीनं पातं हातात घेतलं, आणि पहिल्याच झटक्याला डमीचे दात कट्ट वाजले. "दाताला टेकू न्हाई द्यायचा, पोरी. वर उचल, आढ्याकडं." बारा वर्षं सरांच्या मागं उभं राहून बघितलेलं सगळं साखराबाईच्या तोंडी येत होतं. नळी गेली. साखराबाईनं अंबू दाबला.

"पोट," ती म्हणाली. "काढ."

दुसऱ्यांदा. "पोट. काढ."

तिसऱ्यांदा. रुक्मिणीच्या कपाळाचा घाम डमीच्या गालावर पडला. "पोट."

"मला नाही जमणार मावशी."

"तिथं कुनाला सांगशील आसं? त्याच्या बायकुला?"

रुक्मिणीनं डोळे पुसले. मान नीट केली, पातं हळू सरकवलं, वर उचललं आणि वाकून बराच वेळ आत बघत राहिली. "दिसलं," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "मावशी, दिसलं, श्वासनळीच्या दारातल्या दोन पांढऱ्या पट्ट्या." नळी गेली. साखराबाईनं अंबू दाबला.

छाती वर आली.

तिनं पुन्हा दाबला. पुन्हा वर आली. साखराबाईनं दुसरा हात त्या रबरी छातीवर ठेवला आणि ती वर-खाली होताना ठेवूनच राहिली. सोळा वर्षांत ती इतकी रडली नव्हती. "छाती," ती म्हणाली. "छाती हाय गं."

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. रुक्मिणीनं घाईघाईनं आणखी दोनदा केलं, एकदा जमलं, एकदा पोट. तोवर विठ्ठलराव दारात हजर. ते ओरडले नाहीत. त्यांनी डमी उचलून काचेत ठेवला, कपाळाचं कुंकू रुमालानं टिपलं आणि कुलूप लावलं.

"आता कशाला कुलूप?" साखराबाई म्हणाली. "उद्गाटन झालं की!"

"झालं. आता वापराची परवानगी घ्यायची. अर्ज करा, समितीपुढं ठेवतो." आणि मग जमिनीकडं बघत, "तुमच्या मालकाचं मला म्हाईत नव्हतं, साखराबाई." किल्ली कमरेला खोचून ते गेले. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. पण किल्ली कमरेलाच होती.

अडीचची गाडी गाठायला रुक्मिणी पळाली. पळताना तिनं साखराबाईच्या पायांना हात लावला. साखराबाई फरशीवरचं कुंकू कोरड्या केरसुणीनं गोळा करायला लागली. शंभरातली एक झाली, तीही सहात दोनदा. नव्याण्णव कुठं कुठं चालले होते, कुणाच्या कुणाच्या घराकडं! तिला इतका संताप आला की केरसुणी तिनं कोपऱ्यात फेकली.

दारात कुणीतरी उभं होतं. तो चष्मेवाला. हातात कुणीतरी दिलेला पेढा, तो तसाच वितळलेला.

"मावशी," तो म्हणाला. "नळी मी घातली होती."

"म्हाईत हाय."

"मला परवा हजर व्हायचंय. केंद्रावर दुसरं कोणी नाही." त्यानं कपाटाकडं बघितलं, कुलपाकडं बघितलं. "मला पण दाखवा ना."

त्याचे डोळे भरलेले होते. हे डोळे साखराबाईनं आधी एकदा बघितले होते. तिला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली, आणि त्याच हातानं त्याचं डोकं कुरवाळावंसं वाटलं. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. टेबलावरचा कचरा हातानं झाडला, पदर खोचला आणि उताणी झोपली.

"पेढा ठिव बाजूला आन् हात पूस," ती डोळे मिटून म्हणाली. "ये. हनवटी धर."